दावा फेडरल कोर्टात नेतात म्हणजे काय?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासच्या कंपनीकडून एच-१बी या कामाच्या व्हिसावर न्यू जर्सीला कामाला येताय. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर २०,००० डॉलर भरायची अट करारात आहे. भांडण झालं तर दावा राज्याच्या नाही, फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात जातो असं कुणी सांगितलं, ते खरं का?

कधी जातो, कधी नाही. मला हे स्वतःच्या दाव्यातून कळलं. मीही एच-१बीवर होते. पेनसिल्व्हेनियातल्या एका कंपनीचा ट्रक रूट १ वर मागून माझ्या गाडीला धडकला आणि मानेचं ऑपरेशन करावं लागलं. न्यू ब्रन्सविकला राज्याच्या कोर्टात दावा लावला. महिनाही झाला नव्हता, तोच वकिलांचा फोन आला की केस ट्रेंटनच्या फेडरल कोर्टात गेली. कुणा न्यायाधीशाचा हुकूम नव्हता. राज्याच्या कोर्टाचा एमआयडी-एलने सुरू होणारा नंबर जाऊन ३ ने सुरू होणारा नवा नंबर कागदावर आला होता.

आपल्याकडे दावा हलवायला सहसा अर्ज करून कोर्टाचा हुकूम घ्यावा लागतो. इथे प्रतिवादी फेडरल कोर्टात नोटीस दाखल करतो, तिची प्रत राज्याच्या कोर्टाला देतो आणि तिथलं काम थांबतं. समन्स आणि दाव्याची प्रत रीतसर बजावल्यापासून त्याला ३० दिवस मिळतात. याला रिमूव्हल म्हणतात. हे अपील नव्हे.

त्याला कारण मात्र लागतं. एक तर दावाच फेडरल कायद्यावर उभा असावा. नाहीतर दोन बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या, किंवा एक बाजू परदेशी, आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर. ट्रक कंपनीने माझ्या भारतीय नागरिकत्वावरच बोट ठेवलं. न्यू जर्सीत घर, मुलांची शाळा, टॅक्स, सगळं असूनही या कायद्याच्या लेखी मी परदेशीच होते. मला त्याचं वाईट वाटलं होतं, खरं सांगते. ग्रीन कार्ड असतं आणि समोरची कंपनीही न्यू जर्सीचीच असती, तर ही वाट बंद झाली असती.

कंपन्यांना फेडरल कोर्ट का हवं असतं, याचं एक कारण ज्यूरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक. न्यू जर्सीच्या कोर्टात दिवाणी दाव्यात सहापैकी पाच ज्युरर एका मताचे झाले की पुरतं. फेडरल कोर्टात, दोन्ही बाजूंनी वेगळं मान्य केलं नसेल तर, सगळ्यांचं एकमत लागतं.

तुमचे २०,००० त्या ७५,००० च्या खूप खाली आहेत, त्यामुळे नुसत्या या नोकरी सोडण्याच्या अटीचं भांडण राज्याच्या कोर्टातच राहील. पण थकलेल्या पगारासाठी तुम्ही फेडरल कायद्याखाली दावा लावलात, तर रक्कम कितीही असो, कंपनी तो नेऊ शकते. आणि हे नीट लक्षात ठेवा, एच-१बीवाल्याने लवकर नोकरी सोडली म्हणून दंड घ्यायला फेडरल नियमांची मनाई आहे. राज्याच्या कायद्यात बसेल तेवढी ठरलेली नुकसानभरपाई मात्र मागता येते. तुमच्या करारातले २०,००० यातलं काय, हे सही करण्याआधी न्यू जर्सीतल्या वकिलाकडून वाचून घ्या.

तुमचा दावा नेलाच, तर तो परत पाठवा असा अर्ज करता येतो. त्याला रिमांड म्हणतात, पोलीस कोठडीचा तो हा नव्हे. मुदत चुकली, कागद अपुरे होते, अशा हरकती ३० दिवसांतच घ्याव्या लागतात. म्हणून वकील ठरवतानाच विचारा की ते फेडरल कोर्टातही उभे राहू शकतात का.