अल्बम काळपट येतोय? लॅपटॉपच्या आधी मॉनिटर बदला

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. साताऱ्यात लग्नाचे फोटो काढता, पावसाळा सरता सरता कासला जाता, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. लॅपटॉप आठव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, १५.६ इंची १३६६ × ७६८ स्क्रीन. लाइटरूम हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर रखडतंय आणि गेले दोन अल्बम छपाईच्या लॅबमधून काळपट आले. दुकानदार म्हणतो, गेमिंग लॅपटॉप घ्या, सगळं सुटेल. हातात पाऊण लाख आहेत, ते कुठे घालू, असं तुम्ही विचारता.

दुकानदाराच्या उत्तराने सगळं सुटणार नाही. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. रखडणं हे मशीनचं दुखणं. अल्बम काळपट येणं हे स्क्रीनचं. लाखाचा लॅपटॉप घेतलात आणि ब्राइटनेस आहे तसा शंभरावर ठेवलात, तर काळपट अल्बम फक्त लवकर तयार होतील. म्हणून माझं सांगणं असं की आधी मॉनिटर घ्या, आहे त्या लॅपटॉपमध्ये थोडी दुरुस्ती करा, आणि नव्या मशीनचा विचार वर्षभराने करा.

मी हे इतकं ठामपणे का सांगतोय, त्यालाही कारण आहे. सुरुवातीच्या काळात मी रात्री जेवणं झाल्यावर एडिटिंगला बसायचो. दिवा बंद, स्क्रीन पूर्ण ब्राइट. एका लग्नाचा बारा बाय छत्तीस इंची अल्बम असाच केला आणि पोचवला. नवरीच्या आईने शांतपणे सगळी पानं उलटली आणि म्हणाली, "फोटो छान आहेत, पण मांडवात एवढा अंधार नव्हता हो." मी अल्बम परत घरी आणला, ट्यूबलाइटखाली लॅपटॉपला टेकवून ठेवला आणि तीच फाइल उघडली. स्क्रीनवर नवरीचा चेहरा उजळलेला होता. कागदावर तिच्या कपाळावरचे केस आणि मागचा पडदा एकमेकांत मिसळले होते. नवरदेवाच्या काळ्या कोटाची कॉलर स्क्रीनवर स्वच्छ दिसत होती, कागदावर तिथे नुसता काळा डाग. लॅबने जे मिळालं तेच छापलं होतं. सगळी पानं स्वतःच्या खर्चाने परत छापून दिली. तो सीझन गेला, पण त्या माऊलीचं वाक्य अजून कानात आहे.

होतं असं: दुकानातून येणारा मॉनिटर बहुतेक वेळा २५० ते ३५० निट्सवर (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) लावलेला असतो. कागद स्वतः उजेड देत नाही, खोलीतला उजेड परत फेकतो. प्रिंटसाठी काम करायचं तर स्क्रीन साधारण ८० ते १२० निट्सच्या दरम्यान असावी लागते. ती तिप्पट उजळ असली की फोटो आपल्याला जास्त उजळ वाटतो, म्हणून आपण एक्स्पोजर खाली ओढतो. ओढलेलं तसंच लॅबला जातं.

आज रात्रीच एक करून बघा, पैसे लागत नाहीत. जिथे बसून काम करता तिथला नेहमीचा दिवा लावा. वर्डचं कोरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि शेजारी ए४चा पांढरा कागद धरा. स्क्रीन बल्बसारखी वाटत असेल तर ब्राइटनेस उतरवत जा, कागद आणि पान सारखेच पांढरे वाटेपर्यंत. मग तो काळपट अल्बम शेजारी ठेवून त्याची फाइल उघडा. दोन्ही बरेचसे जुळले, तर निम्मं निदान इथेच झालं. पुढे लॅपटॉपचं झाकण थोडं मागे-पुढे करा. चेहरा कधी फिका, कधी गडद होत असेल तर तुमचं पॅनल टीएन, म्हणजे स्वस्तातल्या जातीचं आहे. अशा पॅनलवर तुम्ही खुर्चीत थोडे खाली सरकलात तरी एक्स्पोजर बदलल्यासारखं वाटतं. त्यावर स्किन टोन ठरवणं निव्वळ अंदाजपंचे.

रंगांचाही असाच घोळ आहे. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं (एनटीएससी हे जुन्या टीव्हीच्या रंगांचं माप). म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६०-६५ टक्केच रंग ती स्क्रीन दाखवू शकते. एसआरजीबी हे १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेलं रंगांचं माप, आणि बहुतेक लॅबना फाइल आजही त्यातच हवी असते. अपुऱ्या स्क्रीनवर हळदीच्या फोटोतला पिवळा मळकट दिसतो, कुंकू विटकरी दिसतं, कासचा तेरडा धुतल्यासारखा दिसतो. मग आपण व्हायब्रन्स वाढवतो, सॅच्युरेशन वाढवतो. प्रिंटमध्ये हळद चेहऱ्यावर ऑइल पेंट लावल्यासारखी येते आणि गालांचा पोतच जातो. तुमचे अल्बम काळपट आहेत हे तुमच्या लक्षात आलंय. ते भडकही आहेत का, हे एकदा दिवसाच्या उजेडात बघा.

आता घ्यायचं काय ते. आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही असं), १०० टक्के एसआरजीबी, उंची वर-खाली होणारा स्टँड, आणि कारखान्यातून कॅलिब्रेट होऊन, म्हणजे रंग मोजून जुळवून आलेला असेल तर उत्तम. तुमच्यासाठी मी २७ इंची, २५६० × १४४० म्हणेन. त्यात इंचाला सुमारे १०९ पिक्सेल पडतात, त्यामुळे अक्षरं बारीक होत नाहीत आणि विंडोजमध्ये स्केलिंगचा, म्हणजे अक्षरं मोठी करून घेण्याचा खेळ करावा लागत नाही. तुमचा फोटो ६००० × ४०००चा. आत्ताच्या स्क्रीनवर शंभर टक्क्यांवर उघडलात तर एका वेळी त्याचा तेविसावा भागच दिसतो. नव्यावर साधारण सातवा भाग दिसेल. मंगलाष्टकांच्या वेळच्या ग्रुप फोटोत कोणाचे डोळे मिटलेत हे शोधायला हा फरक फार मोठा आहे. असूसच्या प्रोआर्ट मालिकेतला पीए२७८क्यूव्ही अगदी या वर्णनात बसतो. टेबल लहान असेल तर त्याच मालिकेतला २४ इंची, १९२० × १२०० घ्या. नेहमीच्या १९२० × १०८०पेक्षा १२० पिक्सेल जास्तीची उंची मिळते, ती उभ्या फोटोंना उपयोगी पडते. डेल आणि बेनक्यूचेही या वर्गातले मॉनिटर चांगले आहेत. गेमिंगवाला १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर फोटोसाठी काही जास्तीचं देत नाही.

फोर के मुद्दाम सांगत नाही. २७ इंचात तो फार देखणा दिसतो, फोटो प्रिंटसारखा गुळगुळीत वाटतो. पण तुमच्या लॅपटॉपचा एचडीएमआय बहुधा १.४ असणार. त्यावर फोर के फक्त ३० हर्ट्झला चालतं आणि माउसचा बाण ओढल्यासारखा सरकतो. शिवाय आत्ताच्या स्क्रीनच्या जवळजवळ आठपट पिक्सेल रंगवायचं ओझं आधीच दमलेल्या मशीनवर पडेल. मशीन बदलाल तेव्हा त्याचा विचार करा.

वाइड गॅमट म्हणजे अडोबी आरजीबी हे एसआरजीबीपेक्षा मोठं रंगांचं माप दाखवणाऱ्या मॉनिटरबद्दलही तुम्ही विचारलंय. हा प्रश्न मलाही बरेच दिवस छळत होता. आमच्या घरात एक मोरपंखी पैठणी आहे. माझ्या मॉनिटरवर तिचा रंग कधीच खरा येत नव्हता, निळ्याकडे झुकायचा आणि घडीतली छटा सपाट व्हायची. शेवटी साडी पिशवीत घालून एका मित्राच्या स्टुडिओत गेलो, त्याच्या वाइड गॅमट मॉनिटरशेजारी पदर पसरला आणि तीच रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल उघडली. हिरवा आणि निळा वेगळे झाले, मोराच्या मानेवर असते ती झळाळी दिसायला लागली. निळसर हिरव्या रंगांत एसआरजीबी तोकडं पडतं, हे वाचून माहीत होतं. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पण तोच फोटो एसआरजीबीत बदलून लॅबला पाठवला तेव्हा प्रिंट माझ्या साध्या मॉनिटरसारखाच आला. तुमची लॅब एसआरजीबी मागते, गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर बघतात. त्यातून विंडोजमधल्या ज्या प्रोग्रॅमना कलर मॅनेजमेंट कळत नाही, तिथे वाइड गॅमटवर सगळे रंग भडक दिसतात आणि नवा माणूस गोंधळतो. फाइन आर्ट पेपरवर कासची प्रिंट विकायला लागाल तेव्हा जरूर घ्या. आज नको.

त्याऐवजी कॅलिब्रेटर घ्या, यावर मी अडून बसेन. छोटंसं यंत्र असतं, मॉनिटरवर लटकवायचं. ते एकेक रंगाचा चौकोन दाखवून मोजतं आणि त्या मॉनिटरचं प्रोफाइल बनवून देतं. डेटाकलरचे स्पायडर आणि कॅलिब्राइटचे डिस्प्ले हे दोन प्रकार मिळतात. सेटिंग ठेवायचं: व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्व्हिन म्हणजे डी६५, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२, ब्राइटनेस १०० निट्स. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्या, मग मोजा. हे महिन्यातून एकदा पुरतं, बाकी दिवस यंत्र कपाटात पडून असतं. म्हणून आम्ही चौघांनी मिळून एकच घेतलं, ते गावभर फिरतं. तुमच्या ओळखीत तीन फोटोग्राफर असतील तर तुम्हीही तसंच करा.

तुमच्या पाऊण लाखातले साधारण निम्मे मॉनिटर आणि कॅलिब्रेटरसाठी बाजूला काढा. मॉडेलचे दर सारखे हलतात, म्हणून आकडे देत बसत नाही.

जोडल्यावर काळे भाग राखाडी, धुरकट दिसले तर मॉनिटर परत करायला धावू नका. एचडीएमआयवरून कधी कधी ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजतं आणि लिमिटेड रेंज, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची टोकं कापलेलं चित्र पाठवतं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ती फुल करा. विंडोजचा नाइट लाइट, मॉनिटरचा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ऑटो ब्राइटनेस हे सगळं बंद. आणि मॉनिटर कुठे ठेवता तेही बघा. खिडकी समोर नको, पाठीमागेही नको, बाजूला चालेल. मागची भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर निदान तेवढी पांढरी किंवा फिकट राखाडी करून घ्या. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. अंधारात एडिटिंग करू नका, हे तर वर सांगितलंच.

आता लॅपटॉपचं. यात रखडण्याचं मोठं कारण हार्ड डिस्क आहे. ती सेकंदाला शे-सव्वाशे एमबी देते, तेही सलग वाचलं तर. साधा साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) पाचशेच्या वर जातो, आणि लाइटरूमला लागतात तशा हजारो बारीक फाइली शोधण्यात तर तुलनाच नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा आणि लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही), प्रीव्ह्यू आणि चालू लग्नाच्या रॉ फाइली तिच्यावर ठेवा. रॅम किमान १६ जीबी करा. बारा बाय छत्तीसचं एक पान इंचाला ३०० पिक्सेल धरून ३६०० × १०८०० पिक्सेलचं होतं, म्हणजे फोटोशॉपमध्ये नुसता एक थर सव्वाशे एमबीच्या जवळपास. त्यावर आठ फोटो आणि त्यांचे मास्क टाकलेत की ८ जीबी कुठे जाते ते कळत नाही. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तेव्हा आधी झाकण उघडून बघायला सांगा.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुमचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ला चालतो, म्हणजे तेवढ्यासाठी मशीन फेकायचं कारण नाही. नवं मशीन लागेल ते लाइटरूमच्या एआय डीनॉइजसाठी, म्हणजे फोटोतले दाणे काढण्यासाठी. २०२३ साली आलेलं हे फीचर रात्रीच्या वरातीच्या फोटोंना फार उपयोगी आहे, पण त्याला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवं. तुमच्या लॅपटॉपवर एकेका फोटोला मिनिटं लागतील. पुढे तेव्हा लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप बनवून घ्या. मॉनिटर तयार असेलच, त्याच पैशात जास्त ताकद मिळेल आणि पुढे भाग बदलता येतील. काढलेली जुनी हार्ड डिस्क केसमध्ये घालून बॅकअपला वापरा, पण एकमेव प्रत तिच्यावर कधीच ठेवू नका. लग्न पुन्हा लागत नाही.

मॉनिटर शक्यतो जिथे बघून घेता येतो तिथून घ्या. पेन ड्राइव्हवर तीन चित्रं न्या: पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, मध्यम राखाडी. पांढऱ्यावर मेलेले पिक्सेल दिसतात. राखाडीवर एक कोपरा पिवळट आणि दुसरा निळसर दिसला तर तो पीस नको म्हणा. आयपीएसमध्ये काळ्यावर कोपऱ्यांत थोडी चमक असतेच, तिचा बाऊ करू नका.

आणि सगळं लावून झालं, कॅलिब्रेट झालं, की अख्खा अल्बम लगेच पाठवू नका. त्या काळपट आलेल्या अल्बममधलेच दोन फोटो घ्या, एक हळदीचा आणि एक रात्रीच्या रिसेप्शनचा. नव्याने एडिट करा आणि लॅबला आठ बाय बाराचे प्रिंट काढायला सांगा, लॅबकडून कुठलंही ऑटो करेक्शन न करता. प्रिंट हातात आले की ते लॅबच्या काउंटरवर नको, कोणाच्या तरी घरी दिवाणखान्यात संध्याकाळी बघा. अल्बम तिथेच उघडला जाणार आहे. काय दिसलं ते इथे लिहा, मग पुढचं ठरवू.