आवड गाण्याची, गती गाण्यात

प्रश्न : मी चिपळूणला हायस्कूलमध्ये मराठी आणि हिंदी शिकवते. एम.ए. आणि बी.एड. दोन्ही पुणे विद्यापीठातून, 2011 पर्यंत झाले. मिस्टरांना मस्कतला नोकरी लागली आहे, म्हणून तिथल्या एका भारतीय शाळेत अर्ज करायचा आहे. मी लिहिले, ‘आय हॅव अ मास्टर्स डिग्री ऑफ मराठी इन पुणे युनिव्हर्सिटी. आय अ‍ॅम इंटरेस्टेड अ‍ॅन्ड कॅपेबल ऑफ टीचिंग लँग्वेजेस.’ मुलगी म्हणते, ‘इंटरेस्टेड इन अ‍ॅन्ड कॅपेबल ऑफ’ हवे. मला त्या ‘इन’पाशी वाक्य लटकून राहिल्यासारखे वाटते. कोणाचे बरोबर?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : मुलीचे बरोबर आहे. का, ते तुमच्याच विषयातून सांगतो. ‘मला गाण्याची आवड आणि गती आहे’ असे एखाद्या मुलाने निबंधात लिहिले, तर तुम्ही खाली रेघ माराल की नाही? आवड गाण्याची असते, गती गाण्यात असते. ‘ची’ने ‘त’चे काम होत नाही. इंग्रजीतही तसेच आहे, फक्त आपला प्रत्यय नामाच्या मागे चिकटतो आणि त्यांचा शब्द नामाच्या आधी येतो. ‘इंटरेस्टेड’ला ‘इन’ लागतो, ‘कॅपेबल’ला ‘ऑफ’. तुमच्या वाक्यातल्या ‘अ‍ॅन्ड कॅपेबल’वर बोट ठेवून उरलेले वाचा : ‘इंटरेस्टेड ऑफ टीचिंग’. चूक लगेच कानाला लागते. रत्नागिरीला कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षे इंग्रजी शिकवताना मी मुलांना व्याकरणाचा नियम नंतर सांगायचो, आधी हे बोट ठेवायला लावायचो.

पण तुमच्या कानाला खटकले, तेही खोटे नाही. ‘इन अ‍ॅन्ड कॅपेबल ऑफ’ शुद्ध असले तरी चालताना ठेच लागते. अशा वेळी एकच शब्दयोगी अव्यय घेणारी जोडी निवडावी. ‘ट्रेन्ड’ आणि ‘एक्स्पीरियन्स्ड’ दोघांनाही ‘इन’ चालतो, म्हणून ‘ट्रेन्ड अ‍ॅन्ड एक्स्पीरियन्स्ड इन टीचिंग लँग्वेजेस’ एका ‘इन’वर सरळ उभे राहते. शिवाय ‘कॅपेबल’ हे तुमचे स्वतःबद्दलचे मत झाले, बी.एड. आणि वर्गातली वर्षे ही वस्तुस्थिती आहे. मुख्याध्यापकांना तीच हवी असते.

खरी गडबड पहिल्या वाक्यात आहे, आणि ती मुलीच्या नजरेतून सुटली. ‘ऑफ’ आणि ‘इन’ यांची तुमच्याकडून अदलाबदल झाली आहे. बॅचलर, मास्टर, डॉक्टर ही मुळात माणसांची नावे आहेत. कशाचा मास्टर? कलांचा. म्हणून ‘मास्टर ऑफ आर्ट्स’, ‘बॅचलर ऑफ एज्युकेशन’. डिग्री, डिप्लोमा, सर्टिफिकेट या मिळवायच्या गोष्टी. त्या एखाद्या विषयात मिळतात, म्हणून तिथे ‘इन’. यामुळेच बी.एड. म्हणजे ‘बॅचलर ऑफ एज्युकेशन’, पण डी.एड. म्हणजे ‘डिप्लोमा इन एज्युकेशन’. आपण दोन्ही इतके भरभर बोलतो की आतला हा फरक कधी दिसत नाही. मला तो फार आवडतो. आणि दोन्ही एकत्र आले की ‘ऑफ’ आधी, ‘इन’ नंतर : ‘मास्टर ऑफ आर्ट्स इन मराठी’. विद्यापीठाला ‘फ्रॉम’, कारण पदवी तिथून मिळाली. तिथे शिकलात असे सांगायचे असेल तर ‘स्टडीड अ‍ॅट’. सालाला ‘इन’.

‘पास्ड आउट फ्रॉम’ तुम्ही लिहिलेले नाही, याचा आनंद वाटला. आपल्याकडे ते सर्रास चालते, पण बाहेर त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणे असा घेतला जातो. ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ लिहावे. अनुभव सांगताना ‘सिन्स ट्वेल्व्ह इयर्स’ नको, ‘फॉर ट्वेल्व्ह इयर्स’. ‘क्वालिफाइड’पुढे काय हे अर्थावर ठरते : शिक्षिका म्हणून पात्र असाल तर ‘अ‍ॅज अ टीचर’, एखाद्या जागेसाठी असाल तर ‘फॉर द पोस्ट’. बायोडेटाच्या तक्त्यात मात्र यातले काहीच लागत नाही; पदवी, विषय, विद्यापीठ, साल असे रकाने पुरेत.

तुमचा मजकूर मी असा करीन : ‘आय हॅव अ मास्टर ऑफ आर्ट्स डिग्री इन मराठी अ‍ॅन्ड अ बॅचलर ऑफ एज्युकेशन डिग्री, बोथ फ्रॉम द युनिव्हर्सिटी ऑफ पुणे. आय अ‍ॅम ट्रेन्ड अ‍ॅन्ड एक्स्पीरियन्स्ड इन टीचिंग लँग्वेजेस.’

विद्यापीठाचे नाव मुद्दाम जुनेच ठेवले आहे. ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हा नामविस्तार 2014 चा, तुमच्या पदव्या त्याआधीच्या. परदेशातली शाळा अर्ज आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवून ताडून पाहते, तेव्हा प्रमाणपत्रावर जे छापले आहे तेच अक्षर न् अक्षर उतरवा आणि आजचे नाव पुढे कंसात द्या.