फीत लागण्याआधीची गोष्ट

प्रिय मुली,

तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्याच पानावर आठ आकडे आहेत आणि माणूस एकही नाही. वन्य प्राण्यांच्या विक्रमी शिंगांवर लिहायला बसलं की असं होतंच. नोंदवही समोर उघडी असते, आणि मोठा आकडा म्हणजेच गोष्ट असं वाटायला लागतं. मीही यात तोंडघशी पडलोय. 'जगातलं सर्वांत मोठं अस्वल' असं झोकात लिहून मोकळा झालो, आणि मग कळलं की अस्वलाची नोंद वजनावर होतच नाही. मोजतात ती कवटी: लांबी अधिक रुंदी, इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत. धिप्पाड अस्वलाचं डोकं बेताचं असू शकतं. म्हणून आधी मोजणी समजून घे.

उत्तर अमेरिकेतल्या नोंदी बून अँड क्रॉकेट क्लब ठेवतो. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट, जॉर्ज बर्ड ग्रिनेल या मंडळींनी तो काढला. आजची मोजपद्धत मात्र १९५० ची. शिंगं वाळताना आक्रसतात, म्हणून निदान साठ दिवस ती तशीच ठेवायची. मग मुख्य दांड्यांची लांबी, फाट्यांची लांबी, ठरलेल्या ठिकाणचे घेर, दोन दांड्यांमधलं अंतर, सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून बेरीज करायची. 'टिपिकल', म्हणजे नेहमीच्या घाटाच्या शिंगांच्या गटात डाव्या-उजव्या बाजूंतला फरक त्या बेरजेतून वजा होतो. म्हणजे हरणाची एक बाजू जरा जास्त फोफावली की त्यालाच दंड! मला हा नियम कधी पटला नाही. पण तो ठाऊक नसला, तर पाव इंचासाठी एवढा जीव का टाकतात ते उमगत नाही.

पाव इंच मी उगाच म्हणत नाहीये. कोलोरॅडोत क्रेस्टेड ब्यूटजवळ जॉन प्ल्यूटनं १८९९ मध्ये एक एल्क, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, मारला. त्याची शिंगं, असं सांगतात, गुत्त्यावरची उधारी फेडायला मालकाला देऊन टाकली. तिथं ती वर्षानुवर्षं राहिली, मोजायची फीत लागली ती थेट १९६१ च्या सुमारास. गुण ४४२ ३/८, जागतिक विक्रम. पुढे १९६८ मध्ये अ‍ॅरिझोनात मारलेल्या एका एल्कची शिंगं सुमारे तीस वर्षांनी उजेडात आली: ४४२ ५/८. फरक पेन्सिलीच्या जाडीएवढा. तू या दोन्ही नोंदी एका वाक्यात उरकल्या आहेस. अगं, कुणाची तरी उधारी त्या शिंगांवर फिटली होती! तिथं थांबायला नको?

आता जेम्स जॉर्डन. त्याच्यासाठी मसुद्यातली हवी तेवढी जागा घे, मी कापणार नाही. १९१४ चा नोव्हेंबर, विस्कॉन्सिनमधलं डॅनबरी, यलो नदीचा काठ. बाविशीतल्या जॉर्डननं पांढऱ्या शेपटीचा एक प्रचंड नर मारला. पेंढा भरणाऱ्या एका कारागिरानं पाच डॉलरमध्ये मुंडकं तयार करून देतो म्हटलं, जॉर्डननं ते सोपवलं. कारागीर दुसऱ्या गावी गेला, पुढे त्याहून लांब फ्लोरिडाला, आणि शिंगं नजरेआड झाली. कैक दशकांनी मिनेसोटातल्या सँडस्टोनमध्ये जुन्या सामानाच्या विक्रीत ती कुणीतरी तीन डॉलरला उचलली. घेणारा जॉर्डनच्याच नात्यातला निघावा, हे कादंबरीत लिहिलं असतं तर मी कापलं असतं. मोजली तर २०६ १/८, जागतिक विक्रम. जॉर्डननं पाहताक्षणी ओळखली. पण पुरावा काय? क्लबच्या विक्रमांच्या पुस्तकात 'शिकारी अज्ञात' असं छापलं गेलं आणि म्हातारा सांगत राहिला की तो अज्ञात मीच.

हा विक्रम मोडला तो १९९३ मध्ये, कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या बिगर या गावाजवळ. तिथं मायलो हॅन्सन या शेतकऱ्यानं शेजाऱ्यांबरोबर ताज्या बर्फातला माग काढत २१३ ५/८ चा नर मारला. ते हरीण त्याआधी शाळेच्या बसचालकाला दिसलं होतं. बसचालक तुझ्या मसुद्यात नाही. त्याला आण.

आणखी एक गोष्ट तू टाळली आहेस, बहुधा शिकारीच्या लेखात ती अडचणीची वाटली म्हणून. वेड्यावाकड्या फाट्यांच्या, म्हणजे 'नॉन-टिपिकल' गटात पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा विक्रम ३३३ ७/८ आहे, आणि तो नर कुणीच मारला नाही. १९८१ मध्ये मिझुरीतल्या सेंट लुइस काउंटीत तो मेलेला सापडला. मोंटानातल्या वाइल्ड हॉर्स बेटावरचा बिगहॉर्न या रानमेंढ्याच्या जातीतला विक्रमी मेंढा, २१६ ३/८, तोही नैसर्गिक मरणानं गेलेला. २०१६ मध्ये सापडला. शिंगं वाढायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं त्याला जगू दिलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ. क्लबच्या नियमात अशा सापडलेल्या शिंगांनाही जागा आहे. कुंपणात कोंडून मारलेल्या जनावराला मात्र नाही. शिकारीचा तिटकारा असलेला वाचक इथंच थबकेल. त्याला उपदेश करू नकोस, नियम सांग आणि पुढे चल.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात तिथला तेव्हाचा संचालक विल्यम हॉर्नडे यानं शिंगांचा जो संग्रह उभा केला, तो 'नाहीशा होत चाललेल्या' मोठ्या प्राण्यांच्या स्मरणार्थ होता. हे प्राणी पुढे दिसणार नाहीत, निदान मापं तरी राहू देत, अशी त्या काळची धास्ती. मसुद्याच्या सुरुवातीला हे घातलंस तर ते आठ आकडे कशासाठी, हे वाचकाला न सांगता कळेल.

शेवटची एक दुरुस्ती. 'जॉर्डनला १९७८ मध्ये मान्यता मिळाली, त्याच वर्षी त्याचं निधन झालं,' असं तू लिहिलं आहेस. चूक नाही, पण क्रम उलटा आहे. दोन्ही महिने लिही. तो गेला ऑक्टोबरमध्ये, शहाऐंशी वर्षांचा होऊन. ते हरीण त्यानंच मारलं, ही क्लबची मान्यता आली डिसेंबरमध्ये.

तुझा,
काका