पेटी वेळेवर आली, पिक्चर मात्र गेला

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही ओझरतं लिहिलं होतं, की मेक्सिकोत सरकारी पैशांनीच सत्ताधारी पक्षाची टिंगल करणारा एक विनोदी सिनेमा निघाला आणि मग सरकारी मंडळींनी तो 'रिलीज करून मारायचा' घाट घातला. रिलीज करून कसा मारतात? मारायचाच तर बंदी घालतील ना?
(एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: बंदी घालतात ते नवशिके.

मी इंदूरला एका वितरकाच्या ऑफिसात एकतीस वर्षं बुकिंग सांभाळलं. सी. आय. सर्किटचा, म्हणजे सेंट्रल इंडिया या वितरण विभागाचा, कारभार इंदुरातूनच चालायचा. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसात पत्र्याच्या पेट्यांची रांग लागायची: देवासची, रतलामची, खंडव्याची. पेटीत रिळांचे डबे आणि वर चिकटवलेली चिठ्ठी. पिक्चर कुठे, कुठल्या शोला, किती दिवस, हे त्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात असायचं. म्हणून सांगतो, पिक्चर मारायला ही चिठ्ठी पुरते.

एक उदाहरण देतो, नावं नाही देत. नगरपालिकेच्या निवडणुकीवरचा एक छोटा हिंदी पिक्चर आमच्याकडे आला होता. गमतीदार होता, मला स्वतःला आवडला होता. पण त्यात ज्या प्रकारच्या माणसाची फिरकी घेतली होती, तसल्याच एकाशी आमच्या शेठजींचं बसणं-उठणं. शेठजी 'नको' म्हणाले नाहीत. त्यांनी तारीख दिली. मार्च महिना, बोर्डाच्या परीक्षा, गावाबाहेरच्या टॉकीजमध्ये दुपारी बाराचा एकच शो. दर्शनी बोर्डावर आदल्या आठवड्याच्या मारधाडीच्या पिक्चरचं पोस्टर तसंच. प्रिंट दुसऱ्या सर्किटमध्ये घासून आलेली, ओरखड्यांचा पाऊस नुसता. त्यात ऑपरेटरने चौथ्या रिळाआधी पाचवं चढवलं. हीरो आधी निवडणूक हरला आणि मग उभा राहिला. मी त्याला विचारलं, "पब्लिक ओरडली नाही?" तो म्हणाला, "भिया, सात लोग थे, उसमें से दो सो रहे थे." रविवारी पिक्चर उतरवला. शेठजींच्या सांगण्यावरून डी. सी. आर.वर, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या अहवालावर, मी शेरा मारला: 'पब्लिकने नाकारला.' निळ्या शाईत. पब्लिकला विचारलं होतं कोणी?

आता मेक्सिको. सिनेमाचं नाव 'ला लेय दे एरोदेस', म्हणजे हेरोदचा कायदा. दिग्दर्शक लुईस एस्त्रादा, साल १९९९. तिकडे या नावाची एक म्हण आहे. तिचा दुसरा भाग संपादकबाई छापणार नाहीत. सोवळ्या मराठीत 'इकडे आड, तिकडे विहीर', फक्त दोन्हींकडे ढकलणारा माणूस एकच.

गोष्ट १९४९ची, मिगेल आलेमान राष्ट्राध्यक्ष असतानाची. सान पेद्रो दे लोस साग्वारोस नावाच्या धुळीने भरलेल्या गावात नगराध्यक्ष टिकत नाहीत. आधीचा पैसे घेऊन पळताना लोकांच्या हाती सापडला आणि जिवाला मुकला. निवडणूक तोंडावर, सत्ताधारी पक्षाला गवगवा नको. म्हणून हुआन वार्गास नावाच्या एका निरुपद्रवी कार्यकर्त्याला धरून आणून त्या खुर्चीवर बसवतात. हा कचरा डेपोवर देखरेख करणारा. त्याला वाटतं आपलं नशीब उघडलं. बिचारा खरोखर प्रामाणिक आहे, तिथेच सगळी गंमत आहे. तिजोरी रिकामी म्हणून तो वरच्या साहेबांकडे पैसे मागायला जातो, तर साहेब पैशांऐवजी दोन वस्तू देतात: देशाची राज्यघटना आणि एक पिस्तूल. घटनेत कर आणि दंड शोधायचे, कोणी कुरकुरलं तर पिस्तूल. बळी तो कान पिळी, पण कलमानुसार. पुढे हा गृहस्थ घटनेतच आपल्या सोयीने बदल करायला लागतो. दामियान अल्कासारने तो असा वठवलाय, की पहिली लाच घेताना त्याचा चेहरा पाहून आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. गावात वीज आणायची मोठी घोषणा होते आणि उभा राहतो एकच खांब. त्या खांबापाशी मी सिनेमा थांबवून चहा करून आलो. हसू आवरेना.

तिकडे राजकारणावर त्याआधीही सिनेमे निघाले होते. पण १९२९पासून सत्तेत असलेल्या 'प्री' या पक्षाला नावानिशी, त्याच्या हिरव्या-पांढऱ्या-लाल चिन्हासकट पडद्यावर ओढायची पद्धत नव्हती. एस्त्रादाने ते केलं, तेही सरकारी चित्रपट संस्थेचे पैसे घेऊन. जुना काळ असता तर डबे थेट कपाटात गेले असते. क्रांतीनंतरच्या सेनापतींच्या सत्तेच्या साठमारीवरचा १९६०चा एक सिनेमा तिकडे असाच तीस वर्षं कुलपात होता. आपल्याकडेही आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का'ची रिळं जाळली, ते तुमच्या पिढीला आठवत असेल. जाळण्यात एक तोटा असतो. राख दिसते आणि लोक विचारतात, काय जाळलं?

१९९९च्या नोव्हेंबरात अकापुल्कोच्या फ्रेंच चित्रपट महोत्सवात हा सिनेमा दाखवायचा होता. तो रोखायचा प्रयत्न झाला, गिल्ला झाला, शेवटी दाखवावा लागला. मग डिसेंबरात चित्रपट संस्थेने पवित्रा बदलला आणि मेक्सिको शहरात अगदी मोजक्या पडद्यांवर, जाहिरातीविना, दिग्दर्शकाला न विचारता सिनेमा लावूनच टाकला. हे वाचलं तेव्हा मी टेबलावर हात मारला. अहो, ही तर आमचीच चिठ्ठी! आठवडाभरात 'पब्लिकने नाकारला' लिहायला मोकळे.

पण एस्त्रादा गप्प बसला नाही. वर्तमानपत्रांत बोंब झाली, संस्थेचे प्रमुख पदावरून गेले आणि सिनेमाचे हक्क दिग्दर्शकाकडे आले. फेब्रुवारी २०००मध्ये तो रीतसर लागला, तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली होती की जाहिरातीची गरजच उरली नव्हती. लोकांनी गर्दी केली. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा एरियल पुरस्कारही मिळाला, म्हणजे तिकडचा राष्ट्रीय पुरस्कार समजा.

आमच्या निवडणुकीच्या पिक्चरचा निर्माता मात्र एकदाच ऑफिसात आला होता. लाकडी बाकावर बसून डी. सी. आर. वाचला, मला विचारलं, "ये आपने लिखा है?" मी हो म्हटलं. चहा न पिता गेला.

प्रश्न: म्हणजे या सिनेमाने सरकार पाडलं असं म्हणायचं का? आमच्या कट्ट्यावर यावरून पैज लागली आहे.
(एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर: 'पाडलं' म्हणणारा पैज हरला, त्याच्याकडून सेव-उसळ वसूल करा. २ जुलै २००० रोजी 'प्री'ने राष्ट्राध्यक्षपद गमावलं हे खरं, तेही ७१ वर्षांनंतर. पण १९९४च्या डिसेंबरात पेसो कोसळला, लोकांची घरं-कर्जं बुडाली. १९९६च्या सुधारणांनी निवडणूक यंत्रणा सरकारच्या हाताबाहेर गेली, १९९७ला संसदेच्या खालच्या सभागृहातलं बहुमतही गेलं. भिंतीला तडे होतेच, सिनेमाने तिथे मोठ्याने हसून दाखवलं एवढंच. शिवाय त्यात विरोधी पक्षाचा डॉक्टरही सोवळा नाही, आणि २०००ला जिंकला तो त्याच डॉक्टरचा पक्ष! २०१२ला 'प्री' परत आला, तेव्हा एस्त्रादाने २०१४ला टीव्ही आणि पुढारी यांच्या साट्यालोट्यावर पुन्हा एक सिनेमा काढला. त्याचं नाव 'परिपूर्ण हुकूमशाही'. ते शब्द मारिओ व्हार्गास योसा या पेरूच्या लेखकाचे, १९९०मध्ये मेक्सिकोच्याच टीव्हीवर त्याने 'प्री'च्या राजवटीला वापरलेले.

प्रश्न: माझी आई ७८ वर्षांची आहे. तिला राजकारण फार आवडतं, सकाळी पोह्यांबरोबर पेपर लागतो. तिच्याबरोबर बसून हा सिनेमा पाहता येईल का?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: तुमच्यावर अवलंबून आहे, आईंवर नाही. गावात दोन्या लुपे नावाच्या बाईंचा एक अड्डा आहे, तिथे काय चालतं ते दिग्दर्शक आडपडदा न ठेवता दाखवतो. शिव्याही भरपूर, पण त्या स्पॅनिशमध्ये. खालच्या ओळी तुम्ही आईंना वाचून दाखवणार असाल तर जिथे घसा खाकरायचा तिथे खाकरा. मी सौ.बरोबर पाहिला. ती अर्धा वेळ भाजी निवडत होती आणि मला वाटलं, हिचं लक्षच नाही. त्यात एक पाद्री आहे. कबुलीजबाब ऐकून घेतो आणि पापागणिक एक पेसो मागतो. तेवढ्यावर सौ.ने मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "पावती देतो का?"