विशेष शाळा बंद करून सगळ्यांना एकत्रच बसवायचं का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, दोन्ही कानांना मशीन आहे. कर्णबधिर शाळेत तिसरीला जातो, रमलाय तिथं. पण आमचे मिस्टर म्हणतात, या वेगळ्या शाळाच नकोत, सगळी मुलं एकत्रच शिकली पाहिजेत, जूनपासून त्याला घराजवळच्या शाळेत टाकू. पहिलीला तिथंच टाकला होता, शेवटच्या बाकावर नुसता गप्प बसून राहायचा म्हणून काढला. काय करू?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, तुमच्या मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाहीये. गल्लीतल्या पोरांबरोबर एकाच शाळेत जाणं हा तुमच्या मुलाचा हक्कच आहे. पण नुसता बाक एक केला म्हणजे शिक्षण एक झालं असं होत नाही हो. मी कर्णबधिर मुलांना वीस वर्षं शिकवलंय, म्हणून सांगते, बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की याला ओठ दिसत नाहीत, वाक्य अर्धंच कळतं, त्यात मशीन बाईंच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाक सरकवल्याचा आवाज पण मोठा करतं, मग पोरगं दमून गप्प बसतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही. पहिलीला तुमच्या मुलाचं हेच झालं असणार, त्याचा काही दोष नव्हता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एकत्र करा, पण विशेष शिक्षकाला सोबत घेऊन. तो नसेल तर चालू असलेली विशेष शाळा बंद करणं म्हणजे मुलाच्या हातची काठी काढून घेणं. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये आदेश दिला आणि त्यावरून केंद्र सरकारने 2022 मध्ये ठरवलंय, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा आणि उच्च प्राथमिकला 15 मागे एक. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळची शाळा की विशेष शाळा ही निवड तुमची, त्यामुळे कोणी घाई केली तर ऐकू नका.

मिस्टरांना घेऊन त्या शाळेत जा. विशेष शिक्षक आठवड्यातून किती दिवस येतात ते विचारा, पहिल्या बाकाचं बोला. बाकांच्या पायांना जुने टेनिस बॉल कापून लावले तरी आवाज बराच कमी होतो, ते तर आपण पालकच करू शकतो. आणि मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर मिस्टरांना एक तास त्या वर्गात मुलाशेजारी बसू द्या, पंखे चालू असताना. मग जूनचं ठरवा.