मुलांना अभियांत्रिकीची ओळख करून देणारी स्पर्धा घ्यायची आहे; रोबोटचे किट विकत घ्यावे का?

इंदूरमधील आपल्या वसाहतीच्या गणेशोत्सवात 12 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी अशी स्पर्धा घ्यायची असून त्यासाठी किट घ्यावे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या वर्षी तरी घेऊ नये, असे माझे मत आहे. किटमधील रोबोट पुस्तिकेप्रमाणे जोडला की चालतो. त्याच्या रचनेचा एकही निर्णय मुलाने घेतलेला नसतो. पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी रामबागेतील एका मंडळात काही वर्षे आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलांची स्पर्धा घेतली, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

किटऐवजी हीच पुलांची स्पर्धा घ्यावी. दोन मुलांच्या प्रत्येक जोडीला 100 काड्या आणि फेव्हिकॉलची एक बाटली द्यावी. दोन टेबलांमध्ये 40 सेंटिमीटरचे अंतर ठेवून त्यावर पूल टेकवावा, मधोमध बादली टांगावी आणि पूल मोडेपर्यंत तीत मगाने रेती ओतावी. पेललेल्या वजनाला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागून गुण द्यावेत, नाहीतर मुले काड्यांचे थर चिकटवून नुसता ओंडका तयार करतात. 150 ग्रॅमच्या पुलाने 18 किलो पेलले तर 120 गुण होतात, तर 90 ग्रॅमच्या पुलाने साडेतेरा किलोच पेलूनही 150 होतात. हा हिशेब मुलांना लगेच पटतो. त्यांच्या वडिलांना पटायला थोडा वेळ लागतो.

मात्र माझा खरा आग्रह दुसऱ्या फेरीचा आहे. पहिल्या वर्षी आम्ही एकच फेरी घेतली, पूल मोडले, टाळ्या वाजल्या, बक्षिसे वाटली आणि मुले जशी आली तशी घरी गेली. पुढच्या वर्षापासून पहिली फेरी उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी आणि दुसरी आठव्या दिवशी घेऊ लागलो, आणि बक्षीस केवळ दुसऱ्या फेरीचे ठेवले. मधल्या दिवसांत प्रत्येक जोडीने आपला मोडका पूल समोर ठेवून तो नेमका कोठे आणि कसा मोडला हे चित्र काढून सांगायचे, एवढीच अट होती. आठवीतील दोन मुलींच्या पुलात सांधे शाबूत होते, पण वरच्या बाजूची लांब पट्टी बाहेर वाकून तुटली होती. मी त्यांना प्लास्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबायला सांगितली. ती लगेच वाकली. तीच पट्टी दोघींनी दोन टोकांना धरून ओढली, तेव्हा तिला काहीच झाले नाही. दाबाखाली बारीक काडी चिरडत नाही, ती बाक येऊन जाते, आणि तिची लांबी निम्मी केली तर बाक आणायला चौपट दाब लागतो, हे गणितज्ञ ऑयलरने 1744 साली गणिताने मांडलेले सूत्र त्या मुलींना त्या दुपारी बोटांनी कळले. दुसऱ्या पुलात त्यांनी वरच्या पट्टीला मध्यावर आडवे आणि तिरपे आधार दिले आणि खालच्या, केवळ ताण सोसणाऱ्या भागातील काड्या कमी केल्या.

सर्वांना सारखेच सामान देण्याची कल्पना अर्थातच माझी नाही. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात वुडी फ्लॉवर्स हे प्राध्यापक 1970 च्या दशकात विद्यार्थ्यांना ठरावीक सुट्या भागांतून यंत्र बनवायला लावत असत. डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या 1992 च्या पहिल्या रोबोट स्पर्धेला, जीत 28 संघ होते, त्याच पद्धतीचा आधार होता. आपल्या अगदी जवळचे उदाहरण पीथमपूरचे आहे. तेथे 2007 पासून भरलेल्या ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडबडीत रस्त्यावर धावणारी एकासनी गाडी स्वतः बनवून आणत, परंतु इंजिन सर्वांना एकच, त्यामुळे फरक पडे तो सांगाड्याच्या आणि धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनच्या रचनेचा.

दोन व्यावहारिक सूचना राहिल्या. पूल मंडपातच बांधून घ्यावेत. एके वर्षी घरून आलेल्या एका पुलाचे सांधे इतके सुबक होते की परीक्षकांनी सुताराचे नाव विचारले. आणि फेव्हिकॉल पूर्ण वाळायला किमान 24 तास द्यावेत, कारण ओल्या सांध्याचा पूल मोडला तर त्यावरून रचनेविषयी काहीच कळत नाही आणि मुलांची चित्रे निरर्थक ठरतात.