मिळकतकराचं बिल भरायचं की अडवून धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात 2021 साली रिसेलमध्ये घेतलेल्या फ्लॅटमध्ये तुम्ही स्वतः राहता. यंदा बिल आलं 21,400 रुपये, तर शेजारच्या तेवढ्याच फ्लॅटचं 12,900. एक एजंट 6,000 रुपयांत 'कमी करून देतो' म्हणतोय, आणि सोसायटीतले काहीजण बिल भरूच नका म्हणताहेत. तुमचा हडपसरला भाड्याने दिलेला आणखी एक फ्लॅट आहे.

बिल भरा, आणि मुदतीतच भरा. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. पैसे एफडीत ठेवून तुम्हाला त्याच्या तिसरा हिस्साही मिळणार नाही. वेळेत भरल्यास 5 ते 10 टक्के सूट आहे खरी, पण ती फक्त सर्वसाधारण करावर. बिलातली ती ओळ 9,000 ची असेल तर वाचतील 450 ते 900 रुपये. पूर्ण बिलावर सूट मिळेल असं धरून हिशेब करू नका.

खरा पैसा आहे तो तुमच्या आणि शेजाऱ्याच्या बिलातल्या फरकात. 21,400 चे 60 टक्के करून पाहा: 12,840. शेजाऱ्याच्या आकड्याच्या अगदी जवळ. मला जवळपास खात्री आहे की तुमच्या बिलात स्वतः राहणाऱ्यांची 40 टक्के सवलत लागलेली नाही. पुणे महापालिकेत ही सवलत 1970 पासूनची. मध्यंतरी ती बंद झाली आणि 2023 मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने पुन्हा सुरू झाली. मात्र 2019 नंतर आकारणी झालेल्या किंवा सवलत काढून घेतलेल्या घरांना ती आपोआप लागत नाही, त्यासाठी महापालिकेकडे पीटी-3 नावाचा सवलतीचा अर्ज द्यावा लागतो. सोबत तुम्ही स्वतः राहत असल्याचं सोसायटीचं पत्र, त्याच पत्त्याचा पुरावा (मतदार ओळखपत्र, गॅस कार्ड, लायसन्स वगैरे) आणि शहरात दुसरी मिळकत असल्याने तिच्या बिलाची प्रत. अर्जाची फी अगदी किरकोळ आहे, त्यामुळे एजंटला 6,000 द्यायचं काहीच कारण नाही. क्षेत्रीय कार्यालयात स्वतः जा, पोच घ्या आणि जास्त भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करावी असं अर्जातच लिहा. मागच्या वर्षांचे पैसे मिळतीलच असं धरून मात्र खर्च ठरवू नका.

तिथे गेलात की आकारणीचा उतारा मागून घ्या. त्यावरचं क्षेत्रफळ करारनाम्याशी ताडून पाहा, वापर 'निवासी'च लिहिलाय ना तेही बघा. आधीच्या मालकाने एखाद्या खोलीत क्लास किंवा ऑफिस चालवलं असेल तर त्या भागाची बिगरनिवासी आकारणी तशीच राहिलेली असू शकते. सोसायटीत सोलर आणि पर्जन्यजल संधारण चालू स्थितीत असेल तर त्याची वेगळी सवलत आहे, पण तो अर्ज कमिटीने करायला हवा.

हडपसरच्या फ्लॅटसाठी 40 टक्के मागू नका, तो भाड्याने दिलेला आहे. खोटी माहिती देऊन मिळवलेली सवलत तपासणीत जाते आणि फरक वसूल होतो. तिथला फायदा आयकरात आहे. भाड्याच्या उत्पन्नातून मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, आणि नव्या करप्रणालीतही दोन्ही चालतात. समजा तिथला कर 18,000 आहे. तो भरल्याने करपात्र उत्पन्न 12,600 ने घटतं (18,000 चे 70 टक्के, कारण 30 टक्के वजावट कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर मोजतात) आणि 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये 2,520 रुपये वाचतात. पण कर मालकानेच भरलेला हवा, आणि त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला हवा. सध्या भाडेकरू परस्पर भरत असेल तर करारात बदल करून भाडं तेवढं वाढवून घ्या आणि पैसे तुमच्या खात्यातून जाऊ द्या. राहत्या फ्लॅटच्या मिळकतकरावर अशी वजावट नाही, म्हणून तिथे पीटी-3 अर्जच लवकर द्या.